मशीन कोणाच्या खांद्यावर बसणार आहे?

मुलुंड-भांडुप भागातल्या पाच सोसायट्यांच्या बागा सांभाळणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. बरीच वर्षं कंत्राटदाराकडे माळीकाम करून गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. हाताखाली दोन मुलं आहेत. दोन सोसायट्यांत जमिनीवरची बाग, दोन ठिकाणी पोडियमवरची (पार्किंगच्या स्लॅबवरची), आणि एका ठिकाणी कंपाउंडच्या भिंतीलगतचा लांब पट्टा. शिवाय घोडबंदर रोडला दीड एकराचा मोकळा प्लॉट साफ करायचं काम चालून आलं आहे. तिथे पुरुषभर उंचीचं गिनी गवत आणि घाणेरीची जाळी आहे. सध्या ते ओळखीच्या माणसाचं 52 सीसीचं टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं) ब्रशकटर, म्हणजे खांद्याला लटकवून गवत कापायचं मशीन, वापरतात. त्याच्या धुराची आणि आवाजाची सेक्रेटरीकडे तक्रार गेली, एका गाडीची काचही फुटली. आता स्वतःचं मशीन घ्यायचं आहे. बाजारात नवं 52 सीसी 9 हजारांना आणि 35 सीसीचं फोर-स्ट्रोक 27 हजारांना सांगितलं आहे. ते विचारतात, "एकच घ्यायचं तर जास्त ताकदीचं घ्यावं ना? तिप्पट पैसे मोजून कमी सीसीचं का घ्यायचं?" आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "मशीन चालवणाऱ्या मुलाची बोटं संध्याकाळी बधिर होतात, पण सवय झाली की जाईल."

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करूया, कारण कोणतं मशीन घ्यायचं याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. बोटांना मुंग्या येणं, ती बधिर होणं ही कंपनाने नसांना आणि बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊ लागल्याची खूण असते. सवयीने ती जात नाही, वाढते. पुढे बोटं पांढरी पडायला लागतात, शर्टाचं बटण लावणंही जड जातं, आणि तिथून हात पूर्ववत होणं कठीण असतं. त्या मुलाला काही दिवस मशीनवरून उतरवा. बधिरपणा तरीही राहिला तर डॉक्टरांकडे न्या आणि तो कसलं काम करतो हे त्यांना आवर्जून सांगा.

सध्याचं मशीनही एकदा तपासा. गवत कापणाऱ्या नायलॉनच्या तारेच्या दोन टोकांपैकी एक आखूड असेल, पातं किंचित वाकलं असेल, हँडलचे बोल्ट सैल असतील, इंजिन आणि दांडीच्या मधलं रबर फाटलं असेल किंवा गिअर हेडचं बेअरिंग गेलं असेल, तर कंपन कितीतरी वाढतं. यातल्या बहुतेक गोष्टी अर्ध्या तासात आणि थोड्या पैशांत सुधारतात.

नवं मशीन घेताना दुकानदाराकडे मॅन्युअल मागा आणि त्यात कंपनाचा आकडा शोधा. तो मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात, डाव्या आणि उजव्या हँडलसाठी वेगळा दिलेला असतो. युरोपातल्या नियमानुसार 8 तासांच्या दिवसाची सरासरी 2.5 झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि 5 च्या वर ती जाऊच द्यायची नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा: आकडा 5 असेल तर दिवसाला 2 तास प्रत्यक्ष चालवलं की पहिली मर्यादा येते. आकडा 10 असेल तर अर्ध्या तासातच पहिली आणि 2 तासांत शेवटची. आपल्याकडे हा आकडा कोणी विचारत नाही. ज्या मशीनच्या कागदांत तो छापलेलाच नाही, ते रोजच्या कामासाठी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. जास्त सीसी म्हणजे जास्त काम, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. सीसी म्हणजे सिलिंडरची जागा. त्यातून पात्यापर्यंत किती ताकद पोचते हे इंजिनाची बनावट, कार्ब्युरेटर, क्लच आणि दांडीतला शाफ्ट ठरवतात. शिवाय स्टिकरवरच्या सीसीची खात्री इंजिनावरच्या प्लेटवरून करून घ्या. बाजारातल्या बहुतेक स्वस्त टू-स्ट्रोक इंजिनांवर 1ई40एफ किंवा 1ई44एफ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मधला आकडा म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. 44 असेल तर ते साधारण 51.7 सीसीचं, 40 असेल तर 42.7 सीसीचं इंजिन. बाहेर 52 लिहिलेलं आणि प्लेटवर 40 दिसलं, तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका.

पण खरं 52 मिळालं तरी तुम्हाला ते हवंय का? तुमच्या पाचही सोसायट्यांत कापायचं काय आहे ते पाहा: हरळी, टाकळा, आघाडा, गाजर गवत, भिंतीलगत पसरलेला वेडेलिया. हे सगळं ओलं, मऊ देठाचं. नायलॉनच्या तारेने ते कापायला 35 सीसीचं चांगलं इंजिन पुरून उरतं. उदाहरण म्हणून होंडाचं जीएक्स 35 घ्या: 35.8 सीसी, मिनिटाला 7,000 फेऱ्यांना 1 किलोवॉट. सोसायटीच्या गवताला याहून जास्त लागत नाही. जास्तीच्या सीसीबरोबर येणारं वजन आणि कंपन मात्र त्या मुलाच्या खांद्यावर रोज बसतं. दुकानात दोन्ही मशीन टाकी भरून, गार्ड (दगड अडवणारं कवच) आणि हेड (तारेचं रीळ) लावून वजनकाट्यावर ठेवायला सांगा. डब्यावरचं वजन बहुधा रिकाम्या मशीनचं असतं.

दुसरं गृहीतक, एकच मशीन सगळीकडे चालेल. पोडियमवर जिथे सिलेक्शन नंबर 1 किंवा मेक्सिकनचं कार्पेट लॉन आहे, तिथे ब्रशकटर लावूच नका. तारेची उंची हाताने सारखी राहत नाही, गवत मुळापासून सोललं जातं आणि आठवडाभर पिवळे गोल चट्टे दिसतात. तिथे लॉनमूव्हर हवा. लहान पोडियमला हाताने ढकलायचा रीळवाला मूव्हर पुरतो, त्याला ना धूर ना आवाज. लॉनच्या कडा बॅटरीच्या ट्रिमरने काढता येतात. म्हणजे पाचपैकी दोन ठिकाणी पेट्रोल मशीनची गरजच नाही, आणि तक्रारी तिथूनच आल्या असतील तर त्या तिथेच मिटतील.

घोडबंदरचा प्लॉट ही या पत्रातली सगळ्यात फसवी गोष्ट आहे, कारण 52 सीसीचा मोह तिच्यामुळेच होतोय. गिनी गवताला नायलॉन पुरणार नाही, तीन दातांचं 255 मिलिमीटरचं पातं लागेल. ते 35 सीसीवरही चालतं, फक्त मोठे झपाटे न मारता थराथराने, वरून खाली कापत यावं लागतं. घाणेरी वेगळी. तिची बोटाएवढी फांदी पात्याने तुटेल, पण बुंधा पावसात पुन्हा फुटेल आणि दोन महिन्यांत मालक तुम्हाला फोन करेल. घाणेरी घालवायची तर कुदळीने बुंध्यालगतची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडावं लागतं आणि झुडूप उलटं करून टाकावं लागतं. हे मजुरीचं काम आहे, मशीनचं नाही. त्यामुळे प्लॉटचा दर सांगताना गवत आणि घाणेरी वेगवेगळी मोजा. गवतासाठी मोठं मशीन आणि चालवणारा माणूस दोन-तीन दिवस भाड्याने आणा, तो खर्च दरात धरा. दोन-तीन दिवसांच्या कामासाठी वर्षभर चुकीचं मशीन वागवू नका. तिथे कापायच्या आधी लांब काठीने गवत झोडत एका बाजूने सुरुवात करा आणि समोरची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे साप-विंचवांना निघून जायला वाट राहते. घोणस आणि फुरसं सहसा हलत नाहीत, म्हणून गुडघ्यापर्यंत गमबूट हवेतच.

आता 9 हजार आणि 27 हजारांचा हिशोब. फरक 18 हजारांचा. साध्या टू-स्ट्रोकमध्ये आत आलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा पाव ते तिसरा हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. तुमच्या सेक्रेटरींना येणारा वास त्याचाच, आणि निळा धूर जळणाऱ्या ऑइलचा. तुमचं सध्याचं मशीन तासाला किती पितं ते मोजा: टाकी काठोकाठ भरा, घड्याळ लावून एक तास काम करा, मग मापाच्या भांड्याने पुन्हा काठोकाठ भरा. 35 सीसीच्या चांगल्या फोर-स्ट्रोकला तासाला साधारण पाऊण लिटरपर्यंत लागतं. तुमच्या मोजणीत तासाला अर्ध्या लिटरचा फरक निघाला, आणि मशीन दिवसाला 3 तास, महिन्याला 25 दिवस चाललं, तर महिन्याला साडेसदतीस लिटर वाचतात. मुंबईत पेट्रोल शंभरीपार आहे, म्हणजे महिन्याला पावणेचार हजार. 18 हजार पाच महिन्यांत भरून निघतात, टू-स्ट्रोक ऑइलचा खर्च न धरताही. मात्र तुमचा फरक पाव लिटरच निघाला किंवा मशीन आठवड्यातून दोनदाच चालत असेल, तर पैशांचं गणित इतकं सरळ राहत नाही. मग कंपन, धूर आणि आवाज यांवरच निर्णय घ्या.

फोर-स्ट्रोक घेतलंत तर एक शिस्त पाळावी लागेल, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. यात पेट्रोल साधं घालायचं, ऑइल वेगळं. जीएक्स 35 मध्ये ते अवघं 100 मिलिलिटर असतं, 10डब्ल्यू-30 दर्जाचं. 100 मिलिलिटरमधून 30 गेलं तरी इंजिन धोक्यात येतं. म्हणून रोज सकाळी, मशीन सपाट ठेवून, ऑइलचं झाकण उघडून पातळी बघायचीच. पहिलं ऑइल 10 तासांनी बदलायचं, पुढे दर 50 तासांनी. तुमच्या वापरात 50 तास तीन आठवड्यांत होतात. बदलल्याची तारीख मशीनवर मार्करने लिहून ठेवा. आणि टू-स्ट्रोकची सवय असलेला मुलगा चुकून मिश्रण केलेलं पेट्रोल यात ओतणार नाही, यासाठी कॅन वेगळ्या रंगाचे ठेवा.

ज्या वाचकांना बजेटमुळे टू-स्ट्रोकच घ्यावं लागणार आहे, त्यांनी मिश्रणाचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणेच ठेवावं. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, 25:1 म्हणजे 40. डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी (ऑइलच्या दर्जाची जपानी खूण) लिहिलेलं टू-स्ट्रोक ऑइलच वापरा. बाईकचं इंजिन ऑइल घातलं की प्लग काळा होतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते. मशीन सुरू होतं पण जोर घेत नाही, ही तक्रार आली की सगळ्यात आधी ती जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा. मेकॅनिककडे आलेली कितीतरी मशीनं एवढ्यानेच चालू होतात.

पेट्रोलबद्दल दोघांनाही लागू असलेली गोष्ट: पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत पाण्याची कमतरता नसते. पंधरा दिवस पडून राहिलेल्या पेट्रोलमुळे कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो, बारीक छिद्रं बुजतात. आठवड्याचंच पेट्रोल आणा. चार दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आणि घेताना विचारा की हे मॉडेल ई20 साठी चालतं का. उत्तर तोंडी नको, मॅन्युअलमध्ये दाखवा म्हणा.

दुकानात आणखी काय बघायचं? मुंबईतल्या हत्यारं-मशिनरीच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला जा किंवा जवळच्या डीलरकडे, मशीन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करून दहा मिनिटं चालवायला लावा. अॅक्सिलरेटर सोडल्यावर हेड पूर्ण थांबलं पाहिजे. आयडलवर फिरत राहिलं तर आयडल स्क्रू कमी करून बघा, तरीही फिरलं तर क्लचची स्प्रिंग ढिली आहे. मग सुट्या भागांची चौकशी करा: कार्ब्युरेटर, दोरीचा स्टार्टर, क्लच आणि गिअर हेड आज दुकानात आहे का, की आठ दिवसांनी येणार? जुलैत आठ दिवस मशीन बंद म्हणजे पाचही सोसायट्यांत गुडघाभर गवत. ज्याचा मेकॅनिक ठाण्याच्या अलीकडे आहे ते मशीन, दोन हजार महाग असलं तरी तुमच्यासाठी स्वस्त. वॉरंटी धंद्याच्या वापराला लागू आहे का तेही वाचा. अनेक कंपन्या घरगुती वापराला जास्त आणि कंत्राटी कामाला कमी मुदत देतात. पक्कं बिल घ्या.

पाठीवर इंजिन असलेलं बॅकपॅक मशीन घेऊ का, असं अनेक जण विचारतात. उतारावर, बांधावर ते सोयीचं. सपाट सोसायटीत त्याचा फायदा नाही. गरम इंजिन ऑक्टोबरच्या उकाड्यात पाठीला चिकटतं आणि लवचीक शाफ्टला नियमित ग्रीस नसेल किंवा तो फार वाकवला तर तुटतो. तुम्ही बाजूला लटकवायचं घ्या. झाडांच्या मधून आणि कुंड्यांच्या बाजूने जायचं असल्याने लूप हँडल (दांडीवरचं कड्यासारखं) बरं; मोकळ्या मैदानाचं काम जास्त असतं तर बाईकसारखं हँडल सुचवलं असतं. एका खांद्याचा पट्टा सोबत मिळतो, तो बाजूला ठेवून दोन्ही खांद्यांचा, कमरेला गादी असलेला पट्टा विकत घ्या. पट्टा असा लावायचा की हात सोडल्यावर नायलॉन हेड जमिनीला जेमतेम टेकेल, आणि पातं लावलं असेल तर जमिनीपासून वीतभर वर तरंगेल. एवढं जमलं की कंबर दुखण्याच्या निम्म्या तक्रारी जातात.

आता काच फुटली त्याबद्दल. गार्ड काढून काम चालतं का तुमच्याकडे? बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यातच गार्ड काढून टाकतात, कारण त्याखाली ओलं गवत अडकतं. पण गार्डवरची छोटी सुरीच तारेची लांबी मापात ठेवते. ती नसली की तार लांब होते, इंजिनावर ओझं येतं, फेऱ्या उतरतात, क्लच घसरून तापतो आणि शेवटी जळतो. दगड उडून पायावर, काचेवर जातात ते वेगळंच. गार्ड लावाच, आणि गवत अडकलं की इंजिन बंद करून काठीने काढा.

गाड्यांजवळ आधी हाताने दगड, बाटल्यांची झाकणं, तारांचे तुकडे वेचा. सरळ दांडीच्या ब्रशकटरचं हेड वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे समोरच्या बाजूने उडालेला कचरा मुख्यतः डावीकडे जातो. म्हणून गाड्या उजव्या हाताला ठेवून चाला. तरीही भरवसा नको: दोन बांबूंना हिरवी शेडनेट बांधून एका मुलाला ती गाड्यांच्या बाजूने धरत सरकायला सांगा, त्यालाही गॉगल घालून. गाड्यांपासून पहिले दोन मीटर विळ्यानेच काढा. बाकी माणसं 15 मीटर दूर हवीत. पार्किंगमध्ये ते शक्य नसेल तर वॉचमनला तेवढा वेळ रस्ता अडवायला सांगा.

तार 2.4 किंवा 2.7 मिलिमीटरची घ्या. 3 मिलिमीटर 35 सीसीला जड जाते. जुनी, सुकलेली तार फटाफट तुटते; कामाच्या आदल्या रात्री रीळ पाण्यात बुडवून ठेवा, नायलॉन पाणी पिऊन चिवट होतं. भिंतीलगत आणि फुटपाथच्या कडेला फक्त तार, लोखंडी पातं कधीच नाही. पात्याचं भोक काही कंपन्यांचं 20 मिलिमीटर, बहुतेकांचं 25.4 असतं, माप बघूनच आणा. त्याचा नट सहसा उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. जोर लावून उलट फिरवलं की आटे जातात. तडा गेलेलं पातं वेल्ड करून वापरू नका. आणि ऑनलाइन मिळणारी साखळीची हेड्स कितीही स्वस्त असोत, घेऊ नका. साखळीची कडी तुटली की ती गोळीसारखी सुटते. युरोपीय संघाने जोडलेल्या लोखंडी कड्यांच्या अशा हेड्सवर 2012 मध्ये बंदी घातली.

रोपांच्या बुंध्याभोवती अर्धा मीटर तरी हाताने काढा. तारेने साल गोलाकार सोलली गेली की झाड उभ्याउभ्या वाळतं, आणि ते सोसायटीने हौसेने लावलेलं असतं.

आवाजासाठी: निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10, मर्यादा 55 डेसिबलची आहे. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात ती 50. कोणतंही पेट्रोल मशीन जवळून याच्या वरच जातं, म्हणून वेळ ठरवून घेणं हाच व्यवहार्य मार्ग आहे. सकाळी 10 ते 12 चं कापणीचं वेळापत्रक सेक्रेटरीकडून लिहून घ्या आणि नोटीस बोर्डावर लावा. परीक्षांच्या दिवसांत आणि दुपारी दोन ते चार मशीन बंद. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो, त्याला इअरमफ हवाच. मोबाइलचे इअरफोन त्याचं काम करत नाहीत.

मुलुंडहून भांडुपला मशीन नेताना पेट्रोल लोकलमधून नेऊ नका. रेल्वे कायद्यानुसार धोकादायक माल डब्यातून नेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मशीनची टाकीही रिकामी करूनच चढा. नाहीतर टेम्पो किंवा दुचाकी. पेट्रोल धातूच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये आणि सोसायटीच्या मीटर रूममध्ये कधीच नाही.

तर तुमच्यासाठी: 35 सीसी फोर-स्ट्रोक, लूप हँडल, दोन खांद्यांचा पट्टा, आणि प्लॉटसाठी भाड्याचं मशीन. 27 हजार एकदम जमत नसतील तर हप्त्याने घ्या, पण स्वस्त पडतं म्हणून 9 हजारवालं घेऊ नका. पट्टा, फेस शिल्ड, इअरमफ आणि गमबूट यांचे तीनेक हजार आधीच बाजूला काढून ठेवा, दोन्ही मुलांसाठी. जीएक्स 35 बसवलेल्या मशीनची टाकी साधारण 630 मिलिलिटरची असते, म्हणजे जेमतेम तासाभराची. टाकी संपली की मशीन दुसऱ्या मुलाच्या खांद्यावर, आणि पहिला दाताळ्याने गवत ओढेल. ज्याची बोटं बधिर होतात त्याला बरं वाटेपर्यंत फक्त दाताळं आणि शेडनेट.